गवत विकणारी रोपवाटिका : आमची वाटचाल

वडिलांच्या काळात आमची रोपवाटिका म्हणजे लिंबू, शेवगा आणि पपई. गिऱ्हाईक सगळं शेतकरी. पुढे धुळ्याच्या कडेकडेने कॉलन्या उठल्या, बंगलेवाले यायला लागले आणि ज्याला त्याला लॉन हवं. उन्हाळ्यात इथं प्यायच्या पाण्याला टँकर लागतो, तो हिरवळीवर ओतायचा हे काही आम्हाला पटेना. म्हणून कमी पाण्यावर तगणारं रोशा हे सुवासिक गवत विक्रीला ठेवलं.

सातपुड्याच्या उतारांवर हे आपसूक येतं. काही जण तिखाडीही म्हणतात. इंग्रजांच्या काळातल्या खानदेश गॅझेटिअरात त्याच्या तेलाची नोंद आहे. हे तेल मुंबईहून जहाजाने तुर्कस्तानाकडे जायचं आणि तिकडं गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरायचे. भेसळ वाईटच, पण गुलाबात मिसळून खपायचं म्हणजे वास काय असेल बघा!

सुरुवातीला लोक हसले. "हाई ते गवतच शे ना भाऊ!" हे आम्ही रोज ऐकायचो. मग वाद न घालता तुरा तळहातावर चोळून पुढे करायचो. तेल जास्त असतं ते या तुऱ्यांत, मग पानांत. काडीत जवळपास नाहीच. एकदा हुंगलं की माणूस भाव विचारायचा.

यात दोन जाती, मोतिया आणि सोफिया. दिसायला सारख्याच. मोतियाचा वास गुलाबाकडे झुकणारा, सोफियाचा उग्र, आल्यासारखा. बियाण्यातून कोणती हाती लागेल याचा भरवसा नसतो, म्हणून आम्ही वास घेऊन निवडलेले मोतियाचे ठोंबच फोडून लावतो. काम हळू होतं आणि रोप महाग पडतं, पण गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही. बी पेरायचंच असेल तर ते अगदी बारीक असतं, बारीक वाळूत मिसळून पेरावं.

घरी लावायला दिवसभराचं ऊन हवं. सावलीत वास उतरतो. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं कुजतात, तेव्हा मुरूम मिसळून उंचवटा करा आणि पावसाच्या सुरुवातीला दोन-दोन फुटांवर ठोंब लावा. मुळं धरेपर्यंत पाणी द्या, नंतर हात आखडा. तुरे पुरुषभर उंच जातात, त्यामुळे जागा कुंपणाकडेची बरी. दिवाळीच्या सुमारास फुलोरा भरला की वीतभर बुंधा ठेवून कापा, पुन्हा फुटतं.

"भट्टी टाका, तेल काढा" असं सुचवणारे खूप भेटतात. त्याला एकरांनी लागवड हवी, सरपण हवं, बाजार हवा. आम्ही रोपंवाले, रोपंच विकतो. अलीकडे शेतकरीही बांधासाठी ठोंब नेऊ लागलेत. त्यांची नोंदणी अक्षय्य तृतीयेपासून घेतो, बंगल्यांची त्यानंतर.