मशीन सोपं, चटई अवघड: माझा पिलाटेसचा अनुभव

कंबरेच्या एल ४-एल ५ मणक्यांमधली गादी सरकलेली आणि डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ. गोळ्यांनी कळ उतरल्यावर नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘फिजिओ, मग पिलाटेस’ एवढंच खरडलं. पिलाटेस म्हणजे पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारी व्यायामपद्धती; पण त्यातलं कुठलं, हे आपणच शोधायचं. २००० साली अमेरिकेतल्या कोर्टाने या नावावरचा ट्रेडमार्क रद्द केला, त्यामुळे हे नाव कुणीही लावू शकतं आणि एका पाटीखाली चार तऱ्हा चालतात.

धरमपेठेतल्या एका क्लासिकल वर्गात आधी नुसती बसून पाहिलं. जोसेफ पिलाटेस (१८८३-१९६७) यांनी ठरवलेले चटईवरचे चौतीस प्रकार, त्याच क्रमाने. सुरुवातच ‘हंड्रेड’ने: उताणं पडून डोकं-खांदे उचललेले, पाय अधांतरी, हात शंभर वेळा खाली-वर, पाच आकड्यांत श्वास आत, पाचात बाहेर. लगेच पाठ गोल करत उठून बसायचं. बघायला देखणं. पण माझी कळ नेमकी पुढे वाकल्यावर चाळवायची, आणि इथे सुरुवातीचे बहुतेक प्रकार पाठ गोल करण्याचेच.

मग रामदासपेठेत फिजिओथेरपिस्ट घेते ते क्लिनिकल पिलाटेस. तिने आधी पुढे-मागे वाकवून पाहिलं, पाय सरळ उचलून पाहिला, कुठे दुखतं ते लिहून घेतलं. व्यायाम म्हणाल तर कंबरेचा नैसर्गिक बाक न मोडता पोटाचा आतला स्नायू हलकेच आवळायचा आणि एक टाच सरकवायची. इतकं कंटाळवाणं, की मी विचारलंच, यानं काय होणार? ती म्हणाली, “काकू, दिसून नाही राहिलं, म्हणजे काम होऊन नाही राहिलं असं नाही नं!” पायातली कळ गेली ती याच दिवसांत. श्रेय व्यायामाचं किती आणि काळाचं किती, देव जाणे.

रिफॉर्मरची, म्हणजे पिलाटेसच्या मशीनची, मला धास्ती होती. स्प्रिंगांवर सरकणारी ती गाडी, पट्टे, दांडा... पण पडून पायांनी दांडा ढकलायचा, तर शरीराचं वजन मणक्यावर येतच नाही. गुडघे-कंबरवाल्यांना चटईपेक्षा हे सोपं. गंमत स्प्रिंगांची आहे: पायांच्या व्यायामात स्प्रिंग काढली की हलकं होतं, प्लँकमध्ये (हात-पायांवर शरीर फळीसारखं ताठ धरताना) काढली की गाडी पळते आणि पोट थरथरतं. फी मात्र चटईच्या वर्गापेक्षा बरीच जास्त.

वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१५चा आढावा सांगतो, की कंबरदुखीत जुजबी उपचारांपेक्षा पिलाटेस बरं, पण इतर व्यायामांहून सरस असल्याचा ठोस पुरावा नाही. म्हणून ज्यांना अंबाझरीला चालून बरं वाटतं, त्यांनी खुशाल चालावं.

मी सध्या रिफॉर्मर करते, सकाळच्या बॅचला. मे महिन्यात संध्याकाळी घराबाहेर पडवत नाही. नाव घालण्याआधी प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं: “मला वाकलं की दुखतं, तर माझे कोणते प्रकार गाळाल?” “हळूहळू सगळं जमेल” असं म्हणणारे बरेच भेटले. जिने कागद घेऊन गाळायचे प्रकार लिहून दिले, तिच्याकडे फी भरली.