पेन्शन छोटी आणि कार्ड पहिलंच

रिटायर झाल्यावर क्रेडिट कार्ड काढायचंय म्हटलं की आधी घरचेच विचारतात, आता कशाला हे उद्योग? तसं खरंय, इतकी वर्षं कार्डावाचून काही अडलं नाही. पण माझं म्हणणं असं की हॉटेलवाले डिपॉझिट म्हणून डेबिट कार्डावर रक्कम ब्लॉक करतात ती आपल्याच खात्यातली असते, आणि ती सुटेपर्यंत आपण वाट बघत बसायचं. फ्रॉडचं तर विचारूच नका, डेबिट कार्डातून गेले तर पेन्शनचे खरे पैसे गेले, मग ते परत मिळेपर्यंत महिना कसा काढायचा? क्रेडिट कार्डात निदान भांडण बिलावर होतं, खात्यातले पैसे जागच्या जागी राहतात. ज्याच्याकडे पैसे कमी त्यालाच हा फरक जास्त जाणवतो, हे माझं पक्कं मत झालंय.

तर मी अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. राग आला, कारण मी जन्मात कुणाचे पैसे बुडवले नाहीत. पण नंतर लक्षात आलं की गोची तिथेच आहे. ज्यानं कधी कर्जच घेतलं नाही त्यानं ते फेडल्याची नोंद कुठून असणार? बँक अर्ज आला की आपला क्रेडिट स्कोअर, म्हणजे उधारी फेडण्याच्या सवयीचे गुण बघते, आणि तो स्कोअर काढणारं गणित फक्त नोंदी वाचतं, घेतलं किती, फेडलं कधी, हप्ता चुकला का, किती वर्षांचं खातं आहे. बचत किती केली, भाडं आणि लाईटबिल वेळेवर भरलं का, हे बहुतेक वेळा त्यात येतच नाही. म्हणजे आपण वाईट गिऱ्हाईक नसतो, बँकेला आपण दिसतच नसतो, आणि त्यात उत्पन्नाच्या रकान्यात छोटा आकडा, मग कॉम्प्युटर कशाला थांबतोय विचार करायला.

नाही म्हटलं की लगेच दुसरीकडे, मग तिसरीकडे अर्ज, असं मात्र करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी आपल्या नावावर नोंदली जाते आणि थोड्या दिवसांत खूप चौकश्या दिसल्या की माणूस पैशाला अडलाय असा अर्थ निघतो. आणि फॉर्म भरताना उत्पन्न म्हणजे फक्त पेन्शन असं धरू नका, ठेवींचं व्याज, भाडं येत असेल तर ते, जे नियमित येतं आणि कागदावर दाखवता येतं ते सगळं लिहा. आपली पिढी उत्पन्न कमी सांगण्यातच शहाणपण मानते, इथे ते उलटं पडतं.

शेवटी मी घेतलं ते एफडीवरचं कार्ड. आपलीच एक छोटी ठेव बँकेकडे तारण म्हणून राहते आणि तिच्याइतकं किंवा थोडं कमी लिमिट मिळतं, त्यामुळे उत्पन्नाची फारशी चौकशी होत नाही, बँकेला धोकाच नाही ना. ठेवीवर व्याज चालू राहतं का, हे मात्र आधी विचारून घ्या. कार्ड बंद केल्याशिवाय ती ठेव मोडता येत नाही, आणि बिल थकवलं तर त्यातूनच वळती करून घेतात, म्हणून औषधपाण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे यात अजिबात घालू नका. स्वतःचेच पैसे ठेवून स्वतःच उधार घ्यायचं, हसू येतं खरं. पण दर महिन्याला बिल वेळेवर भरल्याची नोंद आपल्या नावावर चढत जाते, आणि आपल्याला हवी होती ती नोंदच तर.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. नवऱ्याच्या कार्डावर ॲड-ऑन कार्ड आहे म्हणून पुष्कळ जणी निश्चिंत असतात, वर्षानुवर्षं वापरतातही, पण खातं नवऱ्याचं असतं, बिलाची जबाबदारी त्याची असते, आणि तो गेला की मूळ कार्डाबरोबर ॲड-ऑनही बंद होतं. मग नेमकं सगळं कोसळलेलं असताना ही बाई स्वतःच्या नावानं अर्ज करायला जाते आणि तिच्या नावावर फारसं काही सापडत नाही. दोघं असतानाच स्वतःच्या नावाचं एक काढून ठेवा, लिमिट चिमुकलं का असेना.

आता वापर. दोन तारखा पाठ करायच्या, बिल निघायची आणि बिल भरायची. समजा बिल ५ तारखेला निघतं आणि भरायची मुदत २५, तर ६ तारखेला केलेल्या खरेदीला पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत, म्हणजे साधारण ५० दिवस बिनव्याजी मिळतात, आणि ४ तारखेच्या खरेदीला जेमतेम २१. पण हे सगळं पूर्ण बिल भरलं तरच. बिलावर ते 'मिनिमम ड्यू', म्हणजे निदान एवढे तरी भरा अशी रक्कम, छापलेलं असतं ना, तिकडे बघूच नका. समजा मिनिमम ५ टक्के आणि व्याज महिन्याला ३ टक्के, तर १०० थकलेत तिथे तुम्ही भरले ५, त्यातले ३ व्याजातच गेले आणि मुद्दल उतरलं फक्त २! शिवाय बाकी राहिली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. महिना ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं पण चक्रवाढीनं वर्षाला साडेबेचाळीसच्या वर जातं, कुठली एफडी देते एवढं? एटीएममधून कार्डावर कॅश काढणं तर नकोच, तिथे सहसा बिनव्याजी मुदतच नसते आणि वर फी.

गंमत म्हणजे १९५० साली डायनर्स क्लबचं कार्ड आलं तेव्हा बिल दर महिन्याला पूर्णच भरायचं होतं. बाकी पुढे ढकलायची सोय बँक ऑफ अमेरिकानं १९५८ मध्ये काढलेल्या कार्डापासून रुळली. मी आपली १९५० मध्येच राहते, ऑटोपे, म्हणजे खात्यातून बिल आपोआप भरायची सोय, 'पूर्ण रक्कम' वर लावलाय (सेट करताना तिथेही मिनिममचा पर्याय असतो, नीट बघा) आणि पेन्शन जमा झाल्यानंतरची तारीख मागून घेतलीय.

लिमिट छोटं असलं की एक भानगड होते, थोड्याच खर्चात ते भरल्यासारखं दिसतं. स्कोअर चांगला राहावा म्हणून खर्च लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं म्हणतात, म्हणजे लिमिट १०,००० असेल तर बिलात ३,००० च्या आसपास. एखाद्या महिन्यात मोठा खर्च झाला तर मी बिल निघायच्या आधीच थोडे भरून टाकते, तसं चालतं.

आणि ते फोन! कार्ड हातात पडलं की लिमिट वाढवून देतो, कार्ड चालू करायला ओटीपी सांगा, असे गोड आवाज सुरू होतात. पैसे आपल्याकडे यायला ओटीपी लागत नाही, मागणारा पैसे काढायलाच बसलाय, फोन ठेवायचा. ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार बंद ठेवता येतात, व्यवहाराची मर्यादा घालता येते, प्रत्येक खर्चाचा मेसेज येतो, हे मी नातीला करून दे म्हटलं नाही, तिला शेजारी बसवून स्वतः केलं, कारण परत बदलायची वेळ येईल तेव्हा ती इथे असेलच असं नाही.

आता बँकेचे मेसेज येतायत, तारणाशिवायचं मोठं कार्ड घ्या म्हणून. वार्षिक फी बघितली, ती माफ व्हायला वर्षात किती खर्च करावा लागेल तेही बघितलं. एवढा तर माझा वर्षाचा सगळा खर्च मिळूनही होत नाही, तेव्हा एफडी जिथे आहे तिथेच बरी.