बारा अधिक वीस

मामांच्या साताऱ्याच्या घरी लोखंडी कपाटात, जमिनीची कागदपत्रं आणि मामीच्या पैठणीच्या मधल्या खणात, एक स्कॉचची बाटली आडवी पडलेली असायची. 2004 साली दुबईहून येताना कुणीतरी आणून दिलेली, लेबलावर ठळक 12. दर दिवाळीला मामा ती बाहेर काढत, फडक्यानं पुसत, हिशोब करत आणि परत ठेवून देत. "आली तवा बाराची होती, आता बावीसची झाली." माझ्याकडे ग्लासगोला आले तोवर ती बत्तीस वर्षांची झाली होती, आणि मामांच्या डोक्यात तिचा भाव कोरेगाव रस्त्यावरच्या गुंठ्यासारखा चढत होता.

पहिल्याच रात्री मी घात केला. म्हटलं, मामा, काचेत दारू मुरत नाही. लोणचं बरणीत मुरतं, कारण मुरायला लागणारं सगळं आतच असतं. व्हिस्कीला लाकूड लागतं. बाटलीत भरली की तिचं वय तिथंच थांबलं.

"मग वीस वर्षं मी काय नुसती धूळ पुसली?"

मी गुपचूप त्यांनीच आणलेला कंदी पेढ्यांचा पुडा उघडला.

स्कॉचचा कायदा याबाबतीत कडक आहे. ओकच्या पिंपात, तेही स्कॉटलंडातच, किमान 3 वर्षं. पिंप 700 लिटरपेक्षा मोठं नको, आणि बाटलीत भरताना अल्कोहोल 40 टक्क्यांच्या खाली नको. लेबलावरचा आकडा हा आतल्या सगळ्यात लहान मालाचा असतो. वीस-वीस वर्षांच्या पंधरा पिंपांत आठ वर्षांचं एक पिंप मिसळलं, तर लेबलावर आठच लिहायचं. (लग्न जुळवताना वय सांगायची आपली रीत बरोबर उलटी.)

मामांची समजूत काढायला शनिवारी मी घरातल्या दोन बाटल्या काढल्या. एकाच भट्टीच्या, लॅगव्हूलिनच्या. एक 8 वर्षांची, एक 16 वर्षांची.

"कुठली म्हणायची ही?"

"आयला."

"शिव्या नको देऊ. गाव सांग."

बेटाचं नावच आयला आहे, हे पटवायला नकाशा उघडावा लागला. स्कॉटलंडच्या पश्चिमेचं हे बेट. पोर्ट एलन गावातून एकाच रस्त्यानं निघालं की लाफ्रॉइग, लॅगव्हूलिन, आर्डबेग अशा तीन भट्ट्या ओळीनं लागतात. तिथे पीट नावाचं प्रकरण आहे. हजारो वर्षं दलदलीत कुजून दबलेली झाडंझुडपं आणि शेवाळ. त्याच्या विटा कापून, शेणी वाळवतात तशा वाळवतात आणि त्यांच्या धुरावर मोड आलेलं बार्ली सुकवतात. आयलाच्या बहुतेक व्हिस्कीत धूर येतो तो तिथून.

रंगावरून वय कळतं या समजुतीत मामांनी राहू नये म्हणून मी दोन्ही स्टीलच्या फुलपात्रांत ओतल्या. रंगासाठी थोडं कॅरमेल घालायला स्कॉचला कायद्यानं मुभा आहे, त्यामुळे गडद दिसली की जुनी असं काही नसतं. ग्लासगोतल्या एखाद्या जाणकारानं ती फुलपात्रं पाहिली असती तर माझा व्हिसा गेला असता. मी डोळे मिटून बसलो आणि मामांना भांडी फिरवायला लावली, म्हणजे कुठलं कुठलं ते मलाही कळू नये.

पहिल्या भांड्यात मामांनी नाक घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "गुऱ्हाळ. चुलवणात ओलं चिपाड घातल्यावर येतो तो धूर." घोट घेतला. मीठ, लिंबाची साल, मग जिभेवर मिरीचा चटका. "आणि खाली कुठंतरी सरकारी दवाखाना हाय."

दुसरं भांडं शांत होतं. धूर होता, पण मागच्या खोलीत. पुढे सुकं अंजीर, खारीक, सागवानी पेटी उघडल्यावर येतो तसा वास. वर कंदी पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला, तर खरपूस आटलेलं दूध आणि तो धूर असे काही जुळले की मामा दोन मिनिटं बोलले नाहीत. आजवर सोडा मागणाऱ्या माणसानं सोडा मागितला नाही.

मग निकाल. मामांनी पहिल्यावर बोट ठेवलं. आणि गेली सहा वर्षं दर वाढदिवसाला 16 ची बाटली स्वतःला भेट देणाऱ्या मीसुद्धा पहिल्यावरच ठेवलं. ते आठ वर्षांचं निघालं.

सामना तसा सरळ नव्हता, हे मान्य. आठवाली 48 टक्के, सोळावाली 43. जास्त कडक असेल ती आधी जिभेत भरते. तरीही. 1816 पासून चालू असलेल्या या भट्टीनं 2016 मध्ये द्विशताब्दीला जी बाटली काढली ती हीच आठ वर्षांची, कारण 1880 च्या दशकात आल्फ्रेड बार्नार्ड हा गृहस्थ भट्ट्या बघत फिरत तिथे पोचला होता आणि तिथली आठ वर्षांची पिऊन खूश झाला होता. शेजारच्या आर्डबेगनं तर बंद पडलेली भट्टी पुन्हा चालू झाल्यावर 1998 चा माल वाढतावाढताच विकायला काढला. नावं काय, तर व्हेरी यंग, मग स्टिल यंग, मग ऑलमोस्ट देअर. म्हणजे अगदी पोर, अजून पोरच, आलंच जवळ.

वय वाढलं की धूर विरत जातो आणि लाकूड बोलायला लागतं. काही काळ दोघांचं छान जमतं. फारच वर्षं ठेवली तर लाकूडच सगळी बैठक ताब्यात घेतं. तिशी ओलांडलेली एक व्हिस्की मी एकदा चाखली होती, दुसऱ्याच्या पैशानं. दिवाणखान्यातलं कपाट चाटल्यासारखं वाटलं. जुनीचे पैसे पडतात ते मुख्यतः ती उरते थोडी म्हणून. पिंपातून दरवर्षी साधारण 2 टक्के माल हवेत उडतो, त्याला इथे देवदूतांचा वाटा म्हणतात. तीस वर्षांत जवळजवळ निम्मं पिंप देवदूतांच्या पोटात.

"आपल्याकडं काय होत असंल मग?" मामांनी विचारलं.

बंगळुरूच्या उन्हात हाच वाटा वर्षाला 10-12 टक्क्यांवर जातो. तिथल्या अमृत नावाच्या भट्टीनं 2013 मध्ये आठ वर्षांची एक बाटली काढली, तोवर पिंपातलं निम्म्याहून जास्त उडालं होतं. नाव ठेवलं ग्रीडी एंजल्स, हावरे देवदूत. गोव्यात कुंकळीला पॉल जॉन या व्हिस्कीचा माल मुरतो, त्याचीही तीच गत. उलट त्या उकाड्यात लाकडाशी दोस्ती लवकर होते, तिथल्या पाच वर्षांना स्कॉटलंडचा हिशोब लागत नाही. अमृतनं आपली पहिली सिंगल माल्ट (एकाच भट्टीतली, नुसत्या मोड आलेल्या बार्लीची व्हिस्की) विकायला आणली ती 2004 मध्ये, याच ग्लासगोत. मामांची बाटली साताऱ्यात कपाटात आडवी झाली तेच साल. मामांना हे ऐकून उगीचच बरं वाटलं.

दिवाळीत त्यांचा व्हिडिओ कॉल आला. बाटली अखेर फोडली होती. वाइन आडवी ठेवतात, व्हिस्की उभी ठेवायची असते; वीस वर्षं दारूत भिजलेलं बूच हात लावताच भुगा होऊन आत पडलं. मामांनी गाळून घेतली.

"कशी आहे?"

"बाराची हाय," मामा म्हणाले. "पण चांगली हाय."

मागून मामी विचारत होती, या गाळणीनं आता चहा गाळायचा का.