टीमसाठी नॉलेज टूल निवडताना: आम्ही अडलो ते 'फेऱ्या'पाशी

हिंगणा एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंग करणारी आमची चौदा जणांची टीम. कुठल्या मोटरला किती गेजची (जाडीची) तार, तिचे किती वेढे म्हणजे फेऱ्या, कुठलं बेअरिंग, ही माहिती व्हॉट्सॲप ग्रुप, वह्या आणि जुन्या श्रीलिपी (युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट) फायलींत विखुरलेली होती. ती एका जागी ठेवून शोधता येईल असं सॉफ्टवेअर, म्हणजे नॉलेज टूल, घ्यायचं ठरल्यावर टूल्सची यादी, दरपत्रकं, डेमो हे सगळं आठवड्याभरात उरकलं. खरे अडकलो ते सर्चमध्ये, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

ट्रायलवर घेतलेल्या एका पेड क्लाउड टूलमध्ये 'फेऱ्या' शोधलं. पान समोर उघडं, त्यावर शब्द ठळक दिसतोय, आणि सर्च म्हणतो काही सापडलं नाही. सपोर्टला लिहिलं, तर दर वेळी उत्तर एकच: स्क्रीनशॉट पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये हा दोष दिसूच शकत नाही. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात युनिकोडचा (कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा ०९३० चा र, हलन्त आणि मागे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, सर्चला मात्र दोन वेगळे शब्द. युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी प्रक्रिया, चालवलं तरी हा फरक जात नाही, कारण ते जॉइनरला हात लावत नाही. 'ॲ'चंही तेच. एका कीबोर्डवर ते एकच अक्षर असतं, दुसऱ्यावर अ आणि वर चंद्र अशी दोन. 'ॲम्पिअर' शोधताना निम्मी पानं गळतात ती यामुळे. आकडेही तपासा: देवनागरीत लिहिलेलं बेअरिंग ६२०५ इंग्रजी आकड्यांनी शोधलं तर अनेक टूल्समध्ये मिळत नाही.

यापुढचा अडसर आपल्या व्याकरणाचा. 'पंप' टाकून 'पंपाचा' मिळतो, कारण सुरुवात तीच आहे. पण 'पाणी' टाकून 'पाण्याचा' आणि 'कापूस' टाकून 'कापसाचा' मिळत नाही. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी मूळ रूपातले पाच-सहा शब्द लिहायचेच. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर टूल कितीही भारी असो, उपयोग शून्य.

शेवटी आम्ही डोकुविकी हे विकी सॉफ्टवेअर (टीममधल्या सगळ्यांना पानं लिहिता-सुधारता येतात असं) घेतलं. ते २००४ पासूनचं, मोफत, आणि त्याला डेटाबेस लागत नाही. पानं साध्या टेक्स्ट फायली असतात, त्यामुळे रात्री एक छोटी स्क्रिप्ट सगळे 'ऱ्या' आणि 'ॲ' एकाच रूपात आणते आणि मग इंडेक्स, म्हणजे सर्च वापरतो ती शब्दसूची, ताजा करते. शब्दापुढे तारांकन देऊन शोधायची सोयही आहे. शोधणाऱ्याने टाइप केलेलं तर स्क्रिप्टच्या हातात नसतं, म्हणून टीमच्या सगळ्या फोनवर एकच मराठी कीबोर्ड ठेवला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

श्रीलिपीच्या फायली युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्या की जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांखालून घालाच. फेऱ्यांच्या आकड्यात एक अंक चुकला तर मोटर जळू शकते. वह्यांचे फोटो नुसते चढवू नका, डोकुविकीच्या सर्चला फोटोतलं वाचता येत नाही. किमान मोटरचा एचपी, आरपीएम, स्लॉट आणि तारेचं गेज पानावर टाइप करा.

बॅकअपसाठी डोकुविकीचे डेटा आणि कॉन्फ (सेटिंग्जचा) हे दोन फोल्डर रोज दुसऱ्या डिस्कवर जातात.

आणि हो, कुठलंही टूल घ्या, ट्रायल चालू असतानाच दहा पानं भरून एक्सपोर्ट काढून बघा. नुसती पीडीएफ मिळत असेल तर ते टूल सोडा, कारण त्यातून मराठी मजकूर परत काढताना काना-मात्रा बऱ्याचदा जागेवर राहत नाहीत.