उजनी झाली ते बरं झालं का?

गाव इंदापूर तालुक्यातलं, भीमेकाठचं म्हटलं की पुण्यात पुढचा प्रश्न ठरलेला: "उजनी झाली ते बरं झालं, की तुमचं वाटोळं झालं?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

बरं झालं. १९८० साली भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं नसतं, तर सोलापूर जिल्ह्यात आज दिसतात तेवढे साखर कारखाने दिसले नसते. आमच्या बुडीत पट्ट्यातलेही कितीतरी धरणग्रस्त पुढं बागायतदार झाले. काठाला मोटार टाकली, पाईप वर नेला, की ऊस उभा.

पण या धरणाची एक गंमत आहे. पोटात ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी, त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठ्यात, म्हणजे कालव्यात न जाणारं तळचं पाणी. पातळी त्याच्या खाली गेली की साठा वजात मोजतात. म्हणून तर उन्हाळ्यात बातम्या येतात, "उजनी वजा ५० टक्के". खाली कालवे कोरडे पडले, तरी वर आमच्या मोटारी चालूच. पाणी मागं सरकेल तशी गाळात चारी खणायची, केबल जोडायची, मोटार ढकलत आत न्यायची. कुणी उघड्या पडलेल्या गाळात गाळपेर करून घेतं. त्याच दिवसांत पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. पोरं फोटो काढत फिरतात, म्हातारे आपल्या घराचं जोतं कुठं होतं यावर वाद घालतात. वजातलं हे पाणी उसाला ओढणं मला पटत नाही. आमच्याच भावकीत हे बोललो की लोक तोंड फिरवतात, तो भाग वेगळा.

आणि एक किंमत कुठल्याच हिशेबात धरलेली नाही. नदी होती तेव्हा पलीकडचा करमाळा तालुका हाकेवर होता, आता मधे समुद्रासारखं पाणी. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा, म्हणून लोक बोटीत बसतात. २१ मे २०२४ला कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. त्या बोटीत हौसेनं फिरायला निघालेलं कुणी नव्हतं. धरणानं तोडलेल्या वाटेवरून माणसं रोजच्यासारखी ये-जा करत होती.

राहता राहिलं पाणी. उन्हाळ्यात ते हिरवंगार होतं, वास मारतं. पुणे-पिंपरीचं मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आमच्याकडं. त्यात चिलापी मासळी तेवढी माजली. तरीही रविवारी मासे खायला भिगवणला गर्दी करणार ती तुम्हीच पुणेकर, आणि वर विचारणार, "मासा ताजा आहे ना?"