खाऱ्या वाऱ्यातला रेडिओ : आमची वाटचाल

वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यात आमचं दुकान सुरू झालं ते रेडिओ दुरुस्तीचं. आज आम्ही चर्च आणि प्रार्थनामंडळांना ऑनलाइन रेडिओ केंद्रं उभारून देतो आणि सांभाळतो. मधली टेपरेकॉर्डर, टीव्ही आणि लग्नातल्या लाऊडस्पीकरची वर्षं इथे सोडून देतो. ते काम सगळीकडे सारखंच असतं.

या किनाऱ्यावर ख्रिस्ती रेडिओ आला तो समुद्रापलीकडून. 'फेबा' 1970 ते 2003 सेशेल्स बेटांवरून शॉर्टवेव्हवर बोलत होतं. त्यांचे अँटेना किनाऱ्यालगतच्या प्रवाळ खडकावर, पाण्यातच उभे होते. खारं पाणी वीज चांगली वाहतं, त्यामुळे अँटेनाला आयतंच उत्तम अर्थिंग मिळतं. श्रीलंकेत पुत्तलमहून 'ट्रान्स वर्ल्ड रेडिओ' मीडियम वेव्हवर 882 किलोहर्ट्झला लागायचं, तेही 400 किलोवॅटच्या ताकदीने. मनिलाच्या 'रेडिओ व्हेरितास आशिया'ने शॉर्टवेव्ह बंद केली ती 2018 मध्ये.

तिकडून एवढी ताकद येत असूनही इकडे आवाज का लागत नाही, या प्रश्नावर आमचा धंदा उभा राहिला. गिऱ्हाईक म्हणायचं, "स्टेशन सरकलं." कधी ते खरंही असायचं. शॉर्टवेव्हची वेळापत्रकं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, तेव्हा कालचं स्टेशन आज दुसऱ्याच मीटर बँडवर, म्हणजे डायलच्या दुसऱ्याच पट्ट्यात सापडतं. दिवसा 19 आणि 25 मीटर बरे चालतात, रात्री 31 आणि 41. स्वस्त सेटमध्ये एकच स्टेशन डायलवर दोन ठिकाणी लागतं. आतली मधली फ्रीक्वेन्सी 455 किलोहर्ट्झ, म्हणून त्याच्या दुप्पट, म्हणजे 910 किलोहर्ट्झ खाली, त्याच स्टेशनाचं भूत येतं. लोक नेमकं ते भूत पकडून बसायचे आणि आवाज बारीक म्हणून सेट दुकानात आणायचे. मीडियम वेव्हसाठी तर सेट नुसता फिरवायचा. आत फेराइटची कांडी, म्हणजे सेटचा आतला अँटेना, रेडिओच्या लांबीत आडवी असते आणि स्टेशन तिच्या कुशीला असलं तर जास्तीत जास्त पकडते. वेंगुर्ल्यातून पुत्तलम आग्नेयेला, तेव्हा रेडिओचं तोंड किंवा पाठ आग्नेयेकडे. एवढ्यानेच कितीतरी सेट उघडायची वेळ यायची नाही.

बाकीचे सेट खाऱ्या वाऱ्याने आणलेले. बँड स्विचच्या पत्र्यांवर हिरवा थर चढला की पट्टा बदलताना आवाज जातो, बोटाने दाबून धरल्यावर येतो. गँगच्या, म्हणजे काट्याबरोबर फिरणाऱ्या ट्यूनिंग कपॅसिटरच्या, पात्यांत मीठ आणि धूळ बसली की काटा फिरवताना खरखर होते आणि काटा थांबला की तीही थांबते. काटा स्थिर असतानाही तडतड चालू राहिली, तर आधी आयएफटीच्या, म्हणजे मधल्या फ्रीक्वेन्सीच्या ट्रान्सफॉर्मरच्या, बुडातल्या छोट्या कपॅसिटरवर संशय घ्यायचा. दमट हवेत त्याची चांदी खाल्ली जाते. तो खरवडून काढायचा, बाहेरून त्याच मापाचा लावायचा आणि आयएफटी परत ट्यून करायचा. पूर्वी साफसफाईला सीटीसी (कार्बन टेट्राक्लोराइड) वापरायचे, आता आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते पूर्ण उडून गेल्याशिवाय सेल घालू नयेत. सेल मात्र मिरगाआधी काढून ठेवावेत. रेडिओ गळक्या सेलने जेवढे मेले तेवढे पडून मेले नाहीत.

बाहेरची तार 10 ते 15 मीटर, तांब्याची, दोन्ही टोकांना चिनीमातीचे इन्सुलेटर. सांधा नुसता पिळून ठेवला तर एका पावसात हिरवा पडतो, तो डाग देऊन झाकावाच लागतो. घरात शिरण्याआधी तारेला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, खिडकीतून आत येत नाही. वीज कडाडायला लागण्याआधीच तार सेटपासून सोडवून जमिनीच्या तारेला जोडायची.

शॉर्टवेव्ह ओसरली तशी मंडळी विचारू लागली, गावातच स्टेशन का नको? इथे कायदा आड येतो. खासगी एफएमच्या परवान्यासाठी धार्मिक संस्थेच्या ताब्यातली कंपनी अपात्र ठरते. कम्युनिटी रेडिओ 2002 मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना खुला झाला. साधारणपणे 50 वॅटचा ट्रान्समीटर, 100 वॅट प्रभावी ताकद, 30 मीटरपर्यंत खांब. निम्मा मजकूर तरी तिथेच तयार झालेला हवा, आणि धार्मिक कार्यक्रमात कुणाच्या श्रद्धेला धक्का लागू नये हे नियमातच आहे. तो रेडिओ सगळ्या गावाचा असतो. रोजची मिस्सा आणि उपासना हाच कार्यक्रम हवा असेल तर तो मार्ग धरू नये. ऑनलाइन मिळणारा छोटा एफएम ट्रान्समीटर चर्चच्या माळ्यावर बसवून द्या, असं सांगणारे दर वर्षी भेटतात. विनापरवाना प्रसारण गुन्हा आहे. आम्ही ते काम घेत नाही.

म्हणून इंटरनेट. यंत्रणा सोपी आहे: माइक, मिक्सर, एन्कोडर (आवाज इंटरनेटवर पाठवण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) चालवणारा संगणक आणि भाड्याचा स्ट्रीमिंग सर्व्हर. बोलण्यासाठी आणि गीतांसाठी 64 केबीपीएस पुरतात. त्यात ऐकणाऱ्याचा तासाला जेमतेम 29 एमबी डेटा जातो. चर्चमधून सर्व्हरपर्यंत एकच प्रवाह जायचा असतो, शंभर श्रोत्यांचं ओझं सर्व्हरवर पडतं. त्यामुळे गावात फायबर नसलं तरी काम चालतं. आवाज 10 ते 30 सेकंद मागून येतो. शेजारच्या घरात चर्चची घंटा आधी ऐकू येते आणि मोबाइलमध्ये नंतर वाजते. तो बिघाड नव्हे. मिस्सा संपल्यावर केंद्र मुकं राहणं जास्त घातक. आवाज 20 सेकंद थांबला की गीतांची यादी आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था सर्व्हरवरच ठेवावी, कारण वीज जाणार ती चर्चमधलीच.

खरी परीक्षा माइकची. जांभ्याच्या भिंती, गुळगुळीत गिलावा, उंच छप्पर. आवाज घुमत राहतो. बसलेल्या माणसाला ते गोड वाटतं, मोबाइलवर शब्दच लागत नाहीत. साऊंडवाल्याच्या मुख्य लाइनमधून आवाज उचलू नये. मिक्सरच्या ऑक्स सेंडमधून, म्हणजे आवाज बाहेर नेणाऱ्या स्वतंत्र वाटेने, वेगळा घ्यावा, म्हणजे सभागृहाचा आवाज कमी-जास्त केला तरी रेडिओचा हलत नाही. वेदीवर कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा, माइक, तोंडापासून चार बोटांवर. मीटरवर बोलणं उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवावं. गायकवृंद एकदम सुरू झाला की तेवढी जागा लागतेच. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला तर कुठलाही फिल्टर वाचवत नाही, माइक जवळ घेणं एवढाच उपाय. सतत 'हूं' ऐकू आलं तर संगणक आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवर आहेत का ते आधी बघावं. अर्थिंगची पिन तोडून 'हूं' घालवणारे आहेत. जीव जाईल, तसं करू नये. आवाजाच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा.

गीतांच्या हक्कांबद्दल मंडळी गाफील असतात. नारायण वामन टिळक 1919 मध्ये गेले, त्यांचे शब्द मोकळे आहेत. त्या शब्दांना कुणी अलीकडे दिलेली चाल आणि केलेलं रेकॉर्डिंग मोकळं नाही. आपल्या गायकवृंदाकडून जुन्या चालीत गाऊन घेतलेलं सगळ्यात निर्धोक.

देखभालीचा करार आम्ही मेअखेरच्या एका फेरीशिवाय करत नाही. त्या फेरीत माइकच्या तारांची प्रत्येक एक्सएलआर पिन पुसून बघतो, कंडेन्सर माइक सिलिका जेलच्या डब्यात गेलेत का ते तपासतो आणि यूपीएसवर पूर्ण प्रार्थना चालवून पाहतो. बॅटरी मध्येच बसली तर ती पावसाआधीच बदलून घ्यायला सांगतो.