दिवाळीत बंद राहणाऱ्या दोन खोल्या

आमच्या वाड्याचे वर्ष रोहिणी नक्षत्रापासून सुरू होते. मे महिन्याच्या पंचवीस तारखेच्या सुमारास परड्यातल्या खोपीत रचून ठेवलेली जादा कौले मोजली जातात, शिडीच्या पायऱ्या एकेक करून तपासल्या जातात आणि शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलांची डागडुजी, करणारे दोघे जण सकाळी सहालाच छपरावर चढतात, कारण नऊनंतर कौलांवर पाय ठेववत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीचे शेवटचे पाहुणे त्या वेळी वाड्यात असतात आणि डोक्यावर पावले वाजू लागली की घाबरून बाहेर येतात. त्यांना चहा देऊन समजावणे हे माझे काम असते. गेली एकोणीस वर्षे, म्हणजे या घरात सून म्हणून आल्यापासून, मी ते करत आले आहे.

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर वाघबीळ मागे टाकून बांबवड्याकडे निघाले की रस्त्यापासून जरा आत हा वाडा लागतो. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी तो बांधला तेव्हाच तो राहण्यासाठी कमी आणि उतारूंसाठी जास्त होता. आंबा घाटातून मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर येत असे, घाटावरचा गूळ आणि धान्य खाली जात असे, आणि या गाड्यांचा एक मुक्काम आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, पडत असे. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत आगगाडी आली, परंतु ती सह्याद्री उतरून कोकणात कधीच गेली नाही, आजही जात नाही. त्यामुळे मोटारी येईपर्यंत या रस्त्यावर बैलगाड्यांचेच राज्य राहिले. सासूबाई सांगत की, गाडीवानांकडून वैरणीचे आणि भाकरीचे पैसे घेतले जात, पाठ टेकण्याच्या जागेचे घेतले जात नसत. आता आम्ही सात खोल्यांचे भाडे घेतो आणि सोप्यात जेवणाची टेबले मांडतो. पूर्वजांना हे आवडले असते की नाही याचा विचार मी शक्यतो करत नाही.

छपराकडे परत येते. आमच्याकडे मंगलोरी कौले आहेत. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यालगतच्या मुलखात या चपट्या, एकमेकांत खाचेने बसणाऱ्या कौलांचा प्रसार झाला. त्याआधीची नळीची कौले आमच्या गोठ्यावर अजून आहेत आणि ती दरवर्षी नव्याने परतावी लागतात, कारण वानरांची एक टोळी त्यांवरून गेली की निम्मी सरकलेली असतात. जिल्ह्याच्या पूर्वेकडे काही जुन्या घरांना मातीचे सपाट माळवद दिसते. आमच्या बाजूला ते दोन पावसाळेही टिकणार नाही. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पश्चिमेला जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात त्याच्या कित्येक पट. पावसाच्या मानाने आम्ही या दोहोंच्या मधोमध राहतो, म्हणून छपराचा उतार, वळचणीची लांबी आणि जोत्याची उंची या तीन गोष्टींत आमच्या भागातल्या जुन्या गवंड्यांनी कधी काटकसर केली नाही. पुढच्या पिढीने मात्र ती केली, आणि त्याची हकीकत पुढे सांगते.

शाकारणीत फुटकी कौले बदलणे हा सर्वांत सोपा भाग असतो. आढ्यावरच्या कोनांची, म्हणजे अगदी माथ्यावरच्या कौलांची, जोड उखडलेली आहे का, कौलांखालच्या रिपांना, म्हणजे लाकडी पट्ट्यांना, वाळवीची माती चिकटली आहे का, दोन छपरे जिथे मिळतात त्या पन्हळीत पिंपळाचे रोप तर रुजले नाही ना, हे पाहायला नजर लागते. पिंपळ बोटभर असताना उपटला तर उपटला. एक वर्ष दुर्लक्ष झाले की तो भिंत फोडून आत उतरतो. ही शाकारणी मृगाच्या आत, म्हणजे सात जूनच्या आत, संपवावी लागते. त्याच दिवसांत पश्चिमेच्या भिंतीला झड लागू नये म्हणून उसाच्या पाचटाच्या ताट्या बांधल्या जातात. मध्यंतरी एका वर्षी आम्ही ताट्यांऐवजी निळे प्लास्टिक लावून पाहिले. भिंत कोरडी राहिली, परंतु वाडा बाजारातल्या तात्पुरत्या मंडपासारखा दिसू लागला आणि वाऱ्यात ते कापड रात्रभर इतके फडफडले की पाहुण्यांना झोप लागली नाही. पाचट गावात फुकट मिळते आणि दसऱ्यानंतर खत म्हणून परत शेतात जाते.

पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस हे दोन्ही आमच्या बाजूला सारखेच झोडपतात. या दिवसांत पाहुणे कमी असतात. बारा-तेरा जुलैच्या सुमारास पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीचे गट येतात, कारण १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज याच दिवसांत निसटले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, पायाला जळवांचे डाग आणि चेहऱ्यावर कमालीचे समाधान घेऊन ही मंडळी परततात आणि दोन दिवसांत घरातले सर्व टॉवेल मातकट करून जातात. त्यांच्यापैकी कोणी तरी हमखास नवीन कोल्हापुरी चप्पल घालून आलेले असते. कोल्हापुरी चप्पल पावसात घालू नये हे इथल्या लहान मुलालाही माहीत असते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले ते चामडे ओले राहिले की त्यावर आठवड्यात बुरशी चढते. तो जोड मी बंबाजवळ नव्हे, तर वाऱ्याला सुकवते, कारण विस्तवाजवळ तो पापडासारखा वाळून वाकडा होतो.

बंबावरून आठवले. सासऱ्यांच्या काळात स्वयंपाकघरात गॅस आला, चूल बंद झाली आणि तीनचार वर्षांत माळ्यावरच्या वाशांतून पिवळसर भुसा गळू लागला. चुलीचा धूर शंभर वर्षे त्या लाकडात मुरत होता आणि किडीला दूर ठेवत होता, हे आमच्या लक्षात आले तेव्हा दोन वासे बदलावे लागले होते. आता पाहुण्यांचे अंघोळीचे पाणी मुद्दाम तांब्याच्या बंबात तापवले जाते आणि पावसाळाभर जुनी चूलही रोज संध्याकाळी पेटवली जाते. पाहुण्यांना वाटते की हे सर्व त्यांना गावाकडचा अनुभव मिळावा म्हणून चालले आहे. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

जुलै २०२१ चा पाऊस मात्र वेगळा होता. कोरोनामुळे खोल्या तशाही रिकाम्या होत्या. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या आठवड्यात पाणी ५६ फुटांपर्यंत गेले. केर्लीजवळ रस्ता पाण्याखाली गेला, आंबा घाटात दरडी कोसळल्या आणि पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ताही खचला. दोन्ही टोके बंद झाल्यामुळे मधल्या पट्ट्यात जे अडकले ते अडकलेच. आमच्या दारात अकरा ट्रक आणि एक लग्नाहून परतणारी जीप थांबली. खोल्या देऊ केल्या तरी चालक मंडळींनी सोपाच पसंत केला, कारण तिथून गाड्यांवर नजर राहत होती. पाच दिवस आम्ही भात, पिठले आणि खर्डा याखेरीज काही शिजवले नाही. चौथ्या रात्री वाऱ्याने आढ्यावरचे चार कोन उडाले तेव्हा चिपळूणकडचा एक चालक, मी नको नको म्हणत असताना, कमरेला दोर बांधून वर चढला आणि ताडपत्री अंथरून आला. निघताना त्यांनी पैसे पुढे केले. सासूबाई आतून म्हणाल्या, "वैरण कुठं घातलीय तुमच्या गाड्यांना, पैसे कशाचे?"

आता काटकसरीची हकीकत. मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या वर्षी जोत्याला आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला गेला होता. ठेकेदाराने वीस वर्षे हात लावावा लागणार नाही असे सांगितले होते आणि ते काम चुन्याच्या निम्म्या खर्चात झाले होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आतल्या बाजूला, तीन आणि चार नंबरच्या खोल्यांत, जमिनीपासून छातीइतक्या उंचीपर्यंत ओल चढली आणि भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, धरला. आम्ही छप्पर तपासले, पन्हळी तपासल्या, ओलरोधक म्हणून विकला जाणारा रंग दोनदा लावला. रंगाचे पोपडे तळहाताएवढे होऊन गळू लागले. शेवटी गावातल्या म्हाताऱ्या गवंडीमामांना बोलावले. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, बोट जिभेला लावून खारटपणा पाहिला आणि म्हणाले, "वैनी, पाणी वरनं न्हाई येत, खालनं चढतंय. भिंतीला श्वास घ्यायला जागाच ठेवली न्हाई तुम्ही."

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. दगड, माती आणि चुन्याची जुनी भिंत जमिनीतली ओल थोडी थोडी शोषते आणि उन्हाळ्यात तितकीच बाहेर सोडते. बाहेरून सिमेंटचे घट्ट कवच चढवले की ती ओल बाहेर पडण्याची वाट शोधत वर चढते आणि आतून निघते; सोबत आलेले क्षार पृष्ठभागावर स्फटिक होऊन गिलावा उकलतात. सिमेंट वाईट आहे असे माझे म्हणणे नाही, आमची पाण्याची टाकी सिमेंटचीच आहे. परंतु या भिंतीवर ते चढवणे म्हणजे घाम आलेल्या माणसाला रेनकोट घालून झोपवणे होते.

सिमेंट खरवडून काढायला एक अख्खा हिवाळा गेला, कारण घण मारला की मागचा दगड हलत असे. मग चुना आला. कळीचा चुना खड्ड्यात पाण्यात विरवला की तो उकळल्यासारखा खदखदतो, आणि त्या वेळी लहान मुलांना परड्यात फिरकू द्यायचे नाही हा घरातला कडक नियम आहे. विरवलेला चुना पाण्याखाली झाकून जितका जास्त मुरेल तितका तो लोण्यासारखा मऊ होतो. आम्ही निदान दोन महिने ठेवतो. नंतर त्यात वाळू आणि विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, घालून मळतात. पूर्वी दगडी घाणीत बैल फिरवून हे होत असे; आमच्या घाणीचे चाक आता अंगणात पडून आहे आणि चुना यंत्रावर मळला जातो. मळताना हिरडा भिजवलेले पाणी आणि गुळाचे पाणी घालतात. हिरडा शाहूवाडीकडच्या जंगलपट्ट्यातून येतो आणि गूळ शेजारच्या गुऱ्हाळातून. काळा पडलेला, बाजारात भाव न मिळणारा गूळ चुन्याला उत्तम चालतो. गुळामुळे माल हाताखाली सरकतो आणि सावकाश आळतो, त्यामुळे गवंड्याला घोटायला वेळ मिळतो. पहिल्या वर्षी त्या ओल्या भिंतीवर मुंग्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि मुंबईच्या एका पाहुण्यांनी त्याची तक्रार वहीत लिहून ठेवली आहे.

खरी अडचण या कामाच्या मुहूर्ताची आहे. चुन्याचा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, आणि त्यासाठी त्याला ओलसर, सावलीची, सावकाश सुकणारी हवा लागते. पावसाळ्यात तो सुकतच नाही. चैत्र-वैशाखात तो वरून भराभर वाळतो आणि त्याला केसासारख्या चिरा पडतात. हस्ताचा पाऊस ओसरल्यापासून माघापर्यंतचे दिवस त्याला मानवतात, आणि नेमके तेच आमचे कमाईचे दिवस असतात. दिवाळीची सुट्टी, नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला अंबाबाईच्या किरणोत्सवासाठी येणारे भाविक, डिसेंबरातल्या सहली, सगळे एकमेकांना लागून येतात. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर परराज्यांतूनही विचारणा होऊ लागली आहे.

बरीच वर्षे आम्ही यातून पळवाट काढत राहिलो. मे महिन्यात, खोल्या रिकाम्या असलेल्या चार दिवसांत, ओली पोती टांगून गिलावा उरकायचा आणि चिरा पडल्या की पांढऱ्या रंगाने झाकायच्या. शेवटी मी हिशेब मांडला. दर तीन वर्षांनी तेच काम पुन्हा करण्याचा खर्च आणि दोन खोल्यांचे एका दिवाळीचे भाडे यांत फारसा फरक नव्हता. तेव्हापासून दरवर्षी दसरा ते संक्रांत या काळात आळीपाळीने दोन खोल्या बंद राहतात. माझ्या यजमानांना हा निर्णय अजूनही पूर्ण पटलेला नाही आणि दिवाळीच्या पाडव्याला ते त्या कुलूपबंद दारांकडे जरा जास्त वेळ पाहतात.

आतून-बाहेरून चुन्याची सफेदी मात्र चैत्री पौर्णिमेनंतर होते, आणि हेही ठेच लागल्यावर सुचलेले शहाणपण आहे. जोतिबाच्या यात्रेला पायी जाणाऱ्यांचे दोन-तीन गट परंपरेने आमच्याकडे थांबतात. त्यांच्या उंच सासनकाठ्या वळचणीला टेकल्या की चारसहा कौले फुटतात, आणि "चांगभलं"च्या गजरात उधळलेला गुलाल भिंतींवर असा बसतो की पुसला तर अधिकच पसरतो. पूर्वी आम्ही हौसेने पाडव्याआधी भिंती पांढऱ्याशुभ्र करत होतो. आता यात्रा होईपर्यंत त्या तशाच ठेवतो.

आज आश्विनातला चौथा दिवस आहे. पाचटाच्या ताट्या कालच उतरवल्या, आणि श्रावणात विरवलेल्या चुन्यावर परड्यात अजून वीतभर पाणी आहे. तीन आणि चार नंबरच्या खोल्यांतले पलंग सोप्यात आणून ठेवले आहेत, कारण यंदा फिरून त्यांचीच पाळी आली आहे. गवंडीमामा आता हयात नाहीत. त्यांचा नातू परवा येऊन भिंतीला हात लावून गेला आणि नवरात्र उठले की काम धरतो म्हणाला. हे लिहीत असताना पुण्याहून एका नेहमीच्या पाहुण्यांचा फोन आला. त्यांना भाऊबिजेपर्यंत चार दिवस, परसाकडे खिडकी असलेली तीच खोली हवी होती. मी त्यांना सहा नंबरची घ्या म्हणून सांगितले. ते म्हणाले, विचार करून कळवतो.